मुलं मोजता तशी थेरपीची सेशन्सही मोजा: आरोग्य, दिव्यांग कल्याण आणि शालेय शिक्षण खात्याला खुलं पत्र

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य, दिव्यांग कल्याण आणि शालेय शिक्षण खात्यात निर्णय घेणाऱ्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सात वर्षं एका जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसीत कंत्राटावर होते, आता नाहीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, डीईआयसी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, सहसा जिल्हा रुग्णालयाच्या आवारातच असतं, जन्मतः व्यंग असलेली, उशिरा मान धरणारी, न बोलणारी, न ऐकणारी, न चालणारी लहान मुलं तिथं येतात आणि त्यांच्यावर मोफत उपचार होतात, निदान व्हायला पाहिजेत. नोकरी सोडून दीड वर्ष झालं तरी मुलांच्या आयांचे फोन अजून येतात. मागच्या आठवड्यात एकीचा आला, "मॅडम, तुमच्या जागी कोणी आलंच नाही अजून, आम्ही आता कुठं जायचं?" तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितेय.

तिचा मुलगा पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा अकरा महिन्यांचा होता. सातव्या महिन्यात जन्मलेला, काचेच्या पेटीत राहिलेला, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे स्नायूंवर नीट ताबा नाही, दोन्ही पाय ताठर. आमची मोबाईल टीम, म्हणजे गावोगाव फिरून मुलं तपासणारी टीम, अंगणवाडीत गेली होती, तिथल्या सेविकेनं सांगितलं की हे बाळ अजून धरल्याशिवाय बसत नाही, टीमनं तपासलं, कार्ड भरलं आणि तो आमच्यापर्यंत पोचला. इथपर्यंत सगळं बरोबर झालं आणि वेळेत झालं, हे मी मुद्दाम लिहितेय कारण या योजनेत चांगलं काय आहे ते मी सात वर्षं आतून बघितलंय. मग तो आठवड्यातून दोनदा यायचा. अडीच वर्षांचा झाला तेव्हा वॉकर धरून आमच्या खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायला लागला, टाच टेकवून. टाच टेकतेय का हे आम्ही सगळ्यात आधी बघतो कारण अशी मुलं चवड्यावर चालतात, आणि चवड्यावर चालत राहिली की पोटरीचा स्नायू आखडत जातो, हाड वाढतं आणि स्नायू मागं राहतो.

आणि मग माझी अकरा महिन्यांची कंत्राटाची ऑर्डर संपली. नवी ऑर्डर यायला साडेतीन महिने लागले. का लागले ते मला कुणी नीट सांगितलं नाही, फाईल वर आहे एवढंच कळायचं. मी घरी, खोलीला कुलूप, आणि पोरं दारापर्यंत येऊन परत जातायत. त्याच्या आईला मी फोनवर व्यायाम सांगत होते आणि ती करतही होती, टाच तळहातात घट्ट धरायची, आपला हात तळपायाला आडवा टेकवायचा, गुडघा वाकू द्यायचा नाही आणि सावकाश तीसपर्यंत आकडे मोजायचे, असं दोन्ही पायांना दहा दहा वेळा, दिवसातून तीनदा. करून बघा कधीतरी. रडणाऱ्या मुलाच्या पायाला, पदरात दुसरं तान्हं बाळ असताना.

परत आला तेव्हा मी गोनिओमीटर लावला, म्हणजे सांधा किती हलतो ते मोजायची आमची पट्टी. आधी पाऊल काटकोनाच्या वर ५ अंश येत होतं. आता काटकोनाला १५ अंश कमी असतानाच अडकत होतं. वीस अंश गेले. दोन्ही आकडे मी केसपेपरवर एकाखाली एक लिहिले ते अजून डोळ्यांसमोर आहेत. आधीचे स्प्लिंट पायात जाईनात. दर आठवड्याला नवं प्लास्टर घालून थोडं थोडं ताणत आणावं लागलं, पोराला खाज सुटायची, रात्रभर झोपायचा नाही, आणि वॉकर दिसला की रडायला लागायचा. आई मला सारखं विचारत होती, मॅडम माझं काही चुकलं का. तिचं काही चुकलं नव्हतं. मी त्या दिवशी तिच्यासमोर मान खाली घालून बसले होते, माझाही काही दोष नव्हता तरी.

आता मला जे सांगायचंय ते सांगते. या साडेतीन महिन्यांत आमच्या केंद्राचा मासिक रिपोर्ट जात होता, आणि तो चांगला जात होता! किती अंगणवाड्या झाल्या, किती शाळा झाल्या, किती मुलं तपासली, किती संदर्भित केली, किती ऑपरेशनं झाली. सगळे आकडे भरलेले. आमच्या तक्त्यात थेरपीसाठी एकच रकाना होता, केंद्रात किती मुलं आली, आणि त्यात एकदाच आलेलं मूल आणि आठवड्याला दोनदा येणारं मूल दोन्ही सारखीच. कुठल्या मुलाला ठरल्याप्रमाणे थेरपी मिळतेय आणि कुणाची मध्येच तुटली हे विचारणारा रकानाच नव्हता, त्यामुळे तुमच्यापर्यंत कधी कळलंच नाही की एक खोली साडेतीन महिने बंद होती. मी कुणा एका अधिकाऱ्याला दोष देत नाहीये. जे मोजलं जातं त्याची मीटिंगमध्ये विचारणा होते, आणि ज्याची विचारणा होते त्याची जागा भरली जाते, एवढं साधं आहे ते.

ऑपरेशनला तारीख असते. हृदयाला भोक असलेलं बाळ ऑपरेशन होऊन हसत घरी जातं, दुभंगलेला ओठ शिवला जातो, आधीचा फोटो नंतरचा फोटो, आणि ते व्हायलाच पाहिजे, जीव वाचतात त्यात, मी स्वतः अशा आईबापांबरोबर रडलेय. थेरपीला असा दिवस नसतो. मंगळवारी मान दोन सेकंद जास्त धरली, पुढच्या मंगळवारी पाच. चार महिन्यांनी पालथा पडायला शिकला. ह्याचा फोटो निघत नाही. पण हेच चार महिने नाही मिळाले तर पुढं तो पोरगा ऑपरेशनच्या यादीत जातो, आणि मग तो तुमच्या तक्त्यात दिसायला लागतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आरबीएसके, २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला आणि त्याची सुरुवात आपल्याच पालघरमध्ये झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. जन्म ते १८ वर्षं, ३० प्रकारचे आजार आणि व्यंगं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी, शाळेत एकदा. टीममध्ये दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक फार्मासिस्ट, आणि गाडी. इतकी दूरवर पोचणारी व्यवस्था उभी करणं सोपं नव्हतं. शोधायचं काम ही टीम करते, आणि शोधलेलं मूल जिथं यायचं तिथं, केंद्रात, मूळ मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फिजिओथेरपिस्ट एक, ऐकणं आणि बोलण्यासाठी एक, सायकॉलॉजिस्ट एक, विशेष शिक्षक एक. एक म्हणजे अख्ख्या जिल्ह्याला एक. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या साडेआठ लाख होती आणि पुणे जिल्ह्याची ९४ लाख, पण केंद्राचा साचा दोघांना एकच. म्हणजे जागा मुलांच्या संख्येवर ठरलेल्याच नाहीत.

थोडं गणित करू या. एका मुलाला नीट थेरपी द्यायची तर पाऊण तास लागतो, त्यातली पहिली दहा मिनिटं त्याचं रडं थांबवण्यातच जातात. रजिस्टर, रिपोर्ट, नवीन मुलाची तपासणी ह्यात दोन तास गेले असं धरलं तर दिवसाचे सहा तास हातात राहतात. म्हणजे आठ मुलं. महिन्याचे चोवीस दिवस धरा, १९२ सेशन्स. प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोनदा, म्हणजे महिन्याला आठ सेशन्स, तर एक थेरपिस्ट २४ मुलं सांभाळू शकतो. चोवीस! आमच्या खोलीच्या रजिस्टरला मी सोडलं तेव्हा दोनशेच्या वर नावं होती. मग काय होतं, आठवड्यातून दोनदाचं पंधरा दिवसांतून एकदा होतं, पाऊण तासाची पंधरा मिनिटं होतात, आणि मग आम्ही थेरपी देतच नाही, फक्त आईला व्यायाम दाखवतो आणि पुढची तारीख देतो. कागदावर मात्र त्या मुलाची सेवा चालू असते.

"आईला घरीच शिकवा ना" हे मी इतक्या वेळा ऐकलंय. घरचे व्यायाम लागतातच, त्याशिवाय कुठलीच थेरपी चालत नाही, मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ आयांवर घालवायचे. पण घरच्या व्यायामाला दर आठवड्याला बघणारं कुणीतरी लागतं, मूल बदलतं तसं व्यायाम बदलावे लागतात, चुकीच्या जागी जोर दिला तर सांध्याला इजा होते. आणि ही आई शेतावर जाते, सासूचं करते, बाकीच्या पोरांचं करते. शासनाचं पद रिकामं आहे म्हणून तिला बिनपगारी थेरपिस्ट करायचं आणि मग मूल सुधारलं नाही की "घरी करत नाहीत हो हे लोक" म्हणायचं, हे मला आत कुठंतरी फार लागतं.

ते साडेतीन महिने सोडले तर फिजिओची खोली निदान उघडी असायची. आमच्याकडे स्पीच थेरपिस्टची जागा दीड वर्ष रिकामी होती. त्या काळात एक चार वर्षांची मुलगी आली, जन्मापासून ऐकू न येणारी, कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे कानाच्या आत ऐकण्याचं यंत्र बसवायचं, ऑपरेशन सरकारी योजनेतून झालेलं, कानामागं मशीन. आजोबा तिला घेऊन आले होते, म्हणाले ऑपरेशन झालं, मशीन लावलं, पण पोरगी हाक मारली तर बघत नाही, मशीन खराब आहे का बघा. मशीन चांगलं होतं. इम्प्लांट लावल्यावर आवाज आत जातो पण तो आवाज म्हणजे काय हे मेंदूला शिकवावं लागतं, हा डबा वाजला, ही आई बोलली, हे तुझं नाव, आणि हे शिकवायला आठवड्यामागून आठवडे, कमीत कमी दोन तीन वर्षं जातात. इतकं महागडं ऑपरेशन मोफत झालं आणि त्यानंतर ज्या बाईनं तिच्यासमोर बसून डबा वाजवायचा तिचं पदच रिकामं. मी आजोबांना शेजारच्या जिल्ह्याचा पत्ता लिहून दिला. दोनदा एसटी बदलून जावं लागतं. ते गेले का मला माहीत नाही.

जाहिरात निघायची, निघत नव्हती असं नाही. "पात्र उमेदवार उपलब्ध नाही" असा शेरा मारून पुढच्या वर्षी परत निघायची. उमेदवार का येत नाहीत ते तर उघड आहे. अकरा महिन्यांची ऑर्डर, पुढची कधी येईल भरवसा नाही, बँक कर्ज देत नाही, बाळंतपण आलं तर पोटात गोळा, आणि मोठ्या शहरात प्रायव्हेटमध्ये निम्म्या वेळात तेवढेच पैसे सुटतात. माझ्याबरोबरचे तिघंजण पाच वर्षांत गेले, त्यातली एक सायकॉलॉजिस्ट इतकी चांगली होती की ऑटिझमची मुलं तिचा आवाज ऐकून शांत व्हायची. मुलाला माणसाची सवय व्हायला सहा महिने लागतात. माणूस बदललं की परत पहिल्यापासून.

आणि आपल्या राज्यात माणसं तयार होत नाहीत असं कुणी म्हणू नये. देशातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये सुरू केलं. हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवण तज्ज्ञ घडवतेय. फिजिओथेरपीची कॉलेजं तर आता बऱ्याच जिल्ह्यांत झालीत. शिकलेली पोरं आहेत, त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी टिकवणारी कायम जागा नाहीये.

कायदा काय म्हणतो तेही मी वाचलं, वकील नाही मी पण वाचलं. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २१ प्रकारची दिव्यांगता मानणारा. त्याच्या कलम २५ मध्ये सगळ्या मुलांची वर्षातून निदान एकदा तपासणी करावी असं स्पष्ट आहे. आणि कलम २७, जे पुनर्वसनाचं आहे, तिथं "आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत" असे शब्द येतात. तपासणीला ती अट नाही आणि पुनर्वसनाला आहे. हे वाचलं तेव्हा मला एकदम उलगडलं की आमच्या केंद्रात रोज जे दिसायचं ते कायद्यातही तसंच आहे, शोधायची सक्ती, आणि शोधल्यावर बघू. पण तपासणी करून एखाद्या आईला सांगायचं की तुझ्या मुलाला हा आजार आहे आणि मग पुढं काहीच द्यायचं नाही, हे न सांगण्यापेक्षा वाईट आहे. तिला आशा दिलेली असते आपण.

पैशाचं बोलू. आरबीएसके एनएचएम, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानातून चालतं, केंद्र सरकारचे ६० टक्के आणि राज्याचे ४०, आणि दरवर्षी पीआयपीत, म्हणजे अभियानाच्या वार्षिक आराखड्यात, पदं मंजूर होऊन येतात. पण पीआयपीतलं पद कंत्राटीच राहतं. थेरपिस्टचं पद राज्याच्या स्वतःच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर कायम पदांच्या यादीत, घ्यायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. जिल्हा रुग्णालयात सर्जन कायम असतो, नर्स कायम असते, मग ज्या उपचाराला वर्षानुवर्षं तेच माणूस लागतं तिथंच अकरा महिन्यांची ऑर्डर का? मला हे खरंच कधी समजलं नाही. शिवाय ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत सगळ्या स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे हा नियम आहेच. वर्षाच्या शेवटी घाईघाईनं साहित्य वाटण्यापेक्षा एका तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकेनं मिळून ग्रामीण रुग्णालयात एक थेरपिस्ट बसवला तर? त्याला परवानगी लागत असेल तर तेवढा एक शासन निर्णय काढा. तालुक्यातल्या मुलाला जिल्ह्याला आणणं म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी बुडते, आणि महिन्यात आठ दिवस मजुरी कोण बुडवेल सांगा. एसटीची सवलत असते पण मजुरीची नसते.

मोबाईल टीमची गाडी तर गावात जातेच! त्याच गाडीत आठवड्यातून एक दिवस थेरपिस्टला बसवा, त्यासाठी नवीन गाडी नको, नवीन इमारत नको. मी हे एकदा चार महिने करून बघितलं होतं, डॉक्टर मॅडम समजूतदार होत्या म्हणून, आणि त्या चार महिन्यांत त्या भागातली एकही आई मध्येच सोडून गेली नाही. मग मॅडमची बदली झाली.

शालेय शिक्षण खात्याला वेगळं सांगायचंय. केंद्र सरकारच्या सूचनांमध्ये डीईआयसी मुख्यतः सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. आम्ही सातव्या वर्षीच्या मुलाला कधी परत पाठवलं नाही, पण रांगेत त्याचा नंबर मागं जातो हे खरं. आणि शाळेत त्याला काय मिळतं? समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेत विशेष गरजा असलेल्या एका मुलामागं वर्षाला ३५०० रुपये धरलेत, त्यातच साहित्य, प्रवास, सगळं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निदान विशेष शिक्षकांचं प्रमाण तरी सांगितलं, प्राथमिकला दहा मुलांमागं एक, त्यापुढं पंधरा मुलांमागं एक. थेरपिस्टसाठी असं प्रमाण आपणच ठरवा ना, कोर्टाची वाट कशाला बघायची? मी वर २४ चा हिशोब दिलाय, तो जास्त वाटत असेल तर तीस धरा, पस्तीस धरा, पण एखादा आकडा कागदावर येऊ दे. "एका जिल्ह्याला एक" हा आकडा मुलाकडे बघून काढलेला नाही.

इंटर्नशिपच्या पोरापोरींना केंद्रात पाठवायची कल्पना अधूनमधून निघते. पाठवा जरूर, त्यांनाही शिकायला मिळेल, पण वरती कायम माणूस असेल तरच. इंटर्न हा रिकाम्या जागेवरचा उपाय झाला तर दर सहा महिन्यांनी नवा चेहरा, आणि चुका मुलांच्या अंगावर.

दिव्यांग कल्याण खात्याकडून माझी मोठी अपेक्षा होती आणि अजून आहे. डिसेंबर २०२२ मध्ये वेगळं खातं झालं तेव्हा आमच्या केंद्रात आम्ही पेढे वाटले होते. एकाच मुलाची फाईल अंगणवाडीमुळे महिला बालविकासकडे, उपचारासाठी आरोग्याकडे, शाळेसाठी शिक्षणाकडे आणि सर्टिफिकेटसाठी तुमच्याकडे अशी चार ठिकाणी असते, आणि चारही ठिकाणी आईला तेच कागद परत परत झेरॉक्स करून द्यावे लागतात. ह्या चौघांना एका टेबलाशी बसवायचं काम तुम्हीच करू शकता. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळालं म्हणजे काम झालं असं समजू नका, कार्ड दाखवून थेरपी मिळायला पाहिजे.

माझं पहिलं मागणं मात्र पैशाचंही नाही. पुढच्या पीआयपीसाठी जिल्ह्यांकडून माहिती मागवाल तेव्हा त्या तक्त्यात तीन रकाने वाढवा. केंद्रात थेरपीची गरज असलेली किती मुलं आहेत, गेल्या महिन्यात त्यांना प्रत्यक्ष किती सेशन्स मिळाली, आणि थेरपिस्टचं पद किती दिवस रिकामं होतं. हे तीन आकडे प्रत्येक केंद्राच्या दारावर फळ्यावर लिहा, आयांनाही वाचू दे. मीटिंगमध्ये स्क्रीनिंगच्या आधी हे विचारा. एका वर्षात तुम्हालाच दिसेल कुठल्या जिल्ह्याला किती माणसं हवीत, मग पदांची मागणी करायला वेगळा अभ्यासगट लागणार नाही.

तो मुलगा आता पाच वर्षांचा आहे. त्याच्या आईनं मागच्या आठवड्यात व्हिडिओ पाठवला, वॉकर धरून उभा आहे, उजवी टाच जमिनीपासून दोन बोटं वर. मी तिला व्यायाम परत लिहून दिलेत आणि महिन्यातल्या एका रविवारी तिकडे जाऊन बघते. रजिस्टरमधल्या बाकीच्या दोनशे मुलांकडे मला जाता येत नाही.

आपली,
डीईआयसीतली एक माजी कंत्राटी फिजिओथेरपिस्ट